उत्तरदाता क्रमांक तीन

३ फेब्रुवारी, सोमवार
धायरीहून विद्यापीठ, दोन बस, एक तास चाळीस मिनिटं. वर्गात पोचायला तीन मिनिटं उशीर. सर काही बोलले नाहीत, मलाच लाज वाटली. मुख्याध्यापिका असताना याच कारणासाठी मुलींना फाटकाबाहेर उभं केलं आहे मी.
नीतिशास्त्राचा अंतर्गत निबंध मिळाला. विषय 'मरणोत्तर इच्छा आणि कुटुंब'. पाच ज्येष्ठांच्या मुलाखती. नियम फळ्यावर: लेखी संमती घ्यायची, नाव बदलायचं, कोण काय म्हणालं ते बाहेर सांगायचं नाही, फोनवर रेकॉर्ड केलं तर उतरवून झाल्यावर पुसून टाकायचं. मी वहीत लिहून घेतले. शेजारची ऋतुजा (बावीस वर्षांची, कसब्यातली, वडील तांब्याची भांडी घडवतात) फळ्याचा फोटो काढून मोकळी.
"काकू, लिहीत काय बसलात, मी पाठवते ना."
पाठवला नाहीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बिबवेवाडीला. दोन मुलाखती सोसायटीतच उरकल्या होत्या, तिसरी भाऊजींची. ह्यांचे थोरले भाऊ, पंचाहत्तर पूर्ण. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त. वहिनी भजनाला गेल्या, जिना उतरल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे बोलू लागले.
मला वाटलं होतं, अस्थी कुठे सोडायच्या वगैरे सांगतील. म्हणाले, देहदान. दहावा-तेरावा काही नाही. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता डॉक्टरकीच्या मुलांना मला मोजू दे.
नकाशांच्या गुंडाळीतून फॉर्म काढला. साक्षीदार म्हणून जवळच्या नातेवाइकाची सही हवी. पेनही तयार. मी म्हटलं, आधी वहिनींना सांगा, मग करते.
"तू निवृत्त झालीस ही अफवाच दिसते."
पाडव्याला अनिकेत, त्यांचा मुलगा, बंगळूरहून येणार आहे. तेव्हा मायलेकांना एकदमच सांगणार. तोवर माझ्या तोंडून कोणाला नाही. धाकट्याला, म्हणजे ह्यांनासुद्धा नाही. शब्द दिला. माझ्या संमतिपत्रावर त्यांनी झोकात सही केली. फॉर्म परत गुंडाळीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पाचही मुलाखती उतरवून झाल्या. भाऊजी आता 'उत्तरदाता क्र. ३, पुरुष, निवृत्त शासकीय कर्मचारी'. त्यांच्याबद्दल चारच ओळी लिहिल्या. जास्त लिहिलं तर ओळखू येतील. निबंध दिला. दुपारी घरी येऊन पाचही रेकॉर्डिंग पुसली, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढली. घरी हे म्हणाले, एवढ्या तत्परतेनं पुरावा नष्ट करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय.
नियम म्हणजे नियम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
धर्मशास्त्राच्या तासाला फोन थरथरला, घेतला नाही. बाहेर आल्यावर पाहिलं, ह्यांचे नऊ कॉल. भाऊजी सकाळी अंघोळीला गेले ते पडले. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अतिदक्षता विभागात काचेतून पाहिलं. डोळे उघडे होते.
वहिनी बाकावर सरळ बसलेल्या. मांडीवर भाऊजींचा चष्मा.

१६ फेब्रुवारी, रविवार
अनिकेत काल आला. डॉक्टर म्हणतात, बहात्तर तास थांबा. म्हणजे त्यांनाही माहीत नाही.
वहिनींनी सहज विचारावं तसं विचारलं, "तू आली होतीस तेव्हा तासभर बसला होतात. काय म्हणत होते?"
"माझ्या अभ्यासाचं विचारत होते, वहिनी."
खोटं नाही. खरंही नाही. मुलींनी असं उत्तर दिलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
गेले विद्यापीठात. घरी बसून तरी काय. तास वचनावरच. वचन परिणामांकडे पाहून पाळायचं नसतं, ते दिलं म्हणून पाळायचं असतं. वही उघडीच राहिली, आज एक अक्षर लिहिलं नाही.
तास संपल्यावर सरांना गाठलं. सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. समजा एखाद्या उत्तरदात्यानं आपली इच्छा आधी स्वतः घरी सांगेन म्हटलं, आणि मग त्याला बोलताच येईनासं झालं, तर? ते माझ्याकडे बघत राहिले. 'समजा' कोणाला पटलं नाही.
"गोपनीयता उत्तरदात्याच्या रक्षणासाठी असते. संशोधकाच्या सोयीसाठी नाही." मग म्हणाले, "पण त्यांनी शब्द संशोधकाकडून घेतला, की भावजयीकडून? ते मी ठरवू शकत नाही."
भावजय हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. जिना उतरताना लक्षात आलं, बोलण्याच्या ओघात मी एकदा 'भाऊजी' म्हणून गेले होते.
ऋतुजाला सगळं कळलं, जवळच उभी होती. तिचा पहिला प्रश्न, रेकॉर्डिंग आहे ना. पुसलं म्हटलं.
"लगेच? काकू, कोणीच डिलीट करत नाही हो. आमच्या सगळ्यांची अजून फोनवरच आहेत. सरांनापण माहितीये."
साठ जणांच्या वर्गात नियम पाळणारी मी एकटी. आणि भाऊजींचा आवाज फक्त माझ्याच फोनवर होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार
एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात फोन केला. नाव सांगितलं नाही. तिथल्या बाई मोकळ्या बोलल्या. फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, नातेवाइकांनी गेल्यावर काही तासांत कळवायचं. पण पत्नीनं किंवा मुलानं नको म्हटलं तर फॉर्म असूनही आम्ही नेत नाही.
म्हणजे माझी सही, माझं रेकॉर्डिंग, सगळं शून्य. वहिनी हो म्हणाल्या तरच. आणि त्या, मी पाहतेय तेव्हापासून चाळीस वर्षं, रोज देवाची पूजा करून मगच चहा घेणाऱ्या. अग्नी मिळाला नाही तर माणूस मधेच अडकतो, हे त्या कोणाला पटवायला सांगत नाहीत. आपण पत्ता सांगतो तसं सांगतात.
फोन ठेवल्यावर कळलं, त्या दिवशी भाऊजींना साक्षीदाराची सही नकोच होती. घरातलं कोणीतरी बरोबर हवं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
भाऊजींना खोलीत हलवलंय. भेटीच्या वेळेत दहा मिनिटं एकटे मिळाले. डावा हात हातात घेतला. म्हटलं, भाऊजी, पाडव्यापर्यंत थांबायचं नाही असं मला वाटतं. वहिनींना मी सांगू का? सांगू असेल तर हात दाबा.
दाबला. चांगला जोरात.
बाहेर आल्यावर हात हलका झाल्यासारखा. फिजिओथेरपीवाली मुलगी आली, तिला विचारलं, त्यांना समजतं ना. म्हणाली, हातात काही दिलं की ते दाबतात, आजी. सकाळी ब्रशपण दाबून धरला होता. त्यावरून काही सांगता येत नाही.
परत आत जाऊन 'सांगू नको असेल तर दाबा' असं विचारायला हवं होतं. गेले नाही. तेव्हाही दाबला असता तर

२४ फेब्रुवारी, सोमवार
ह्यांना सांगितलं. न सांगता आता एका टेबलावर जेवता येईना.
 म्हणाले, मला नाही सांगितलं त्यानं. पोळी तशीच ताटात. मी म्हटलं, तुमच्यावर राग नव्हता, मी मुलाखत घेत होते म्हणून. ते म्हणाले, लहानपणी आम्ही एका अंथरुणात झोपायचो, आणि हे सांगायला त्याला संमतिपत्र लागलं.
मग म्हणाले, "वहिनींना आत्ता सांगू नकोस. नवरा जातोय, त्यात हे. हा तुझा अभ्यास असेल, त्यांना जगायचंय."
हे बोलणं लागलं. अभ्यासाचा हट्ट माझाच, त्यांनी कधी अडवलं नाही. पण आज पहिल्यांदा 'तुझा अभ्यास' असं म्हणाले, जसं एखाद्या दुखण्याला म्हणावं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र
वहिनींचा उपास. रताळ्याच्या फोडी डब्यात नेल्या. इस्पितळाच्या व्हरांड्यात, लिफ्टशेजारी दोन खुर्च्या आहेत तिथे बसलो. अनिकेत औषधं आणायला गेला होता. मनात म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. सरळ सांगितलं. भूमिका बांधली नाही, ती मला जमत नाही.
वहिनींनी फोड तोंडात टाकली होती, ती पूर्ण खाल्ली. डबा बंद केला.
"मला माहीत आहे."
मागच्या वर्षी नकाशांवरची धूळ झटकताना फॉर्म दिसला होता. वाचला, तसाच परत ठेवला. तेव्हापासून वाट बघत होत्या, हे मला कधी सांगतात. गणपतीत वाटलं आता सांगतील. दिवाळीत वाटलं.
"सांगितलं तर तुला. माझा भजनाचा वार बघून."
 वार खरंच तोच होता. वेळ मीच ठरवली होती, भाऊजींनी सुचवल्यावरून.
मी म्हटलं, वहिनी, त्यांची इच्छा आहे. म्हणाल्या, इच्छा मलाही आहे. पन्नास वर्षं ज्याचं केलं त्याला शेवटचं पाणी मी द्यायचं, का तो माणूस रीतसर पावती घेऊन गाडीत घालून पाठवायचा. माझ्या इच्छेची मुलाखत कोण घेणार?
मग आवाज अजिबात न चढवता:
"त्यांना शब्द दिलास आणि मोडलास. आता मला दे आणि पाळ. अनिकेतला सांगायचं नाही."
मी म्हटलं, शब्द देत नाही.
म्हणाल्या, "मग निदान बोलू नकोस." आणि उठल्या.
निघताना डबा मला परत केला. धुतलेला. कधी धुतला कळलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
काल दुपारी दुसरा झटका. आता डोळेही मिटलेले. डॉक्टर 'दिवस' म्हणतात, आकडा सांगत नाहीत.
सकाळी विभागात जाऊन तपासलेला निबंध आणला. नियम पाळल्याचे पूर्ण गुण. खाली लाल पेनानं शेरा: 'उत्तरदाता क्र. ३ विषयी फारच त्रोटक. त्यांच्या कुटुंबाची बाजू कुठेच नाही.'
खरं आहे. विचारलीच नव्हती.
ऋतुजानं तिच्या आजीची मुलाखत वाचून दाखवली. आजीनं तीन वेळा मत बदललंय. ऋतुजा म्हणते, मी तिन्ही लिहिली, कोणतं खरं ते आजीच ठरवेल. मी तिच्या वयाची असताना एकच उत्तर लिहायचे आणि खाली रेघ मारायचे. अजून तेच करते.

२ मार्च, रविवार
ही नोंद घरच्या डायरीत नाही. तत्त्वज्ञानाची वही पिशवीत होती, तिच्या मागच्या पानावर.
सकाळी इस्पितळातून अनिकेत मला धायरीला सोडायला निघाला. हे भाऊजींजवळ थांबले, म्हणून वहिनीही अंघोळीपुरत्या घरी निघाल्या होत्या. वडगावच्या पुलाखाली गाड्या तुंबलेल्या. अनिकेत समोर बघत म्हणाला, "काकू, बाबांचं काही डिस्कशन झालं होतं का तुमच्याशी? आफ्टर वगैरे? मी आईला विचारलं, ती नाही म्हणाली. पण ती नाही म्हणाली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती."
मी पुढच्या गाडीचा नंबर वाचत राहिले.
"तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारतोय. लहानपणी मला तुमची भीती त्यासाठीच वाटायची."
झालं नव्हतं म्हणणं शक्य नव्हतं. झालं होतं म्हटलं की वहिनी कायमच्या तुटणार. आणि यातलं काहीच न बोलणं म्हणजे वहिनींचं म्हणणं पाळणं, हे मी न देता दिलेलं वचन झालं असतं. मागचा हॉर्न वाजवत होता.
म्हटलं, गाडी वळव. बिबवेवाडीला चल. हा प्रश्न आईला माझ्यासमोर परत विचार. मी तुला वेगळं काही सांगणार नाही, पण तिथे गप्पही बसणार नाही.
"म्हणजे झालं होतं."
"गाडी वळव, अनिकेत."
वळवली.  सातारा रस्ता ओलांडताना मीच वहिनींना फोन केला. म्हटलं, आम्ही दोघं येतोय, असं अचानक येणं बरं नव्हे म्हणून आधी सांगते.  म्हणाल्या, या. मी आत्ताच आले, अंघोळ करते. फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
दार शेजारणीनं उघडलं आणि ती गेली. वहिनी न्हाणीघरात आहेत. अनिकेत बसत नाही, भिंतीवरच्या बाबांच्या सेवेतल्या फोटोपुढे उभा आहे. मी काय बोलायचं त्याची तीन वाक्यं जुळवली होती. तिन्ही भाऊजींच्या बाजूची निघाली. खोडली. वहिनींच्या बाजूचं एक लिहायला घेतलं: 'तुम्हाला सांगायला त्यांना धीर झाला नाही, कारण
पुढचं मला माहीत नाही. त्याच सांगू शकतील. मी आधी विचारीन, मग बोलेन. इतकंच ठरलं आहे.
आतला नळ बंद झाला.