वाळूखालच्या पुल्या

प्रिय भाऊ,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र लिहायला मी आज बसलोय, कारण परवा तुमची खोली पाडली. कार्ल्याच्या आपल्या फाउंड्रीचं तेवढंच उरलं होतं. आता तिथं रिसॉर्टचा पोहायचा तलाव होणार. खोलीमागे जेसीबीला लोखंड लागलं, तसा ठेकेदाराचा फोन आला, "शेठ, भंगार निघालंय, टेम्पो घेऊन या." भंगार म्हटल्यावर मी काय, आंबीहून निघालोच!

खड्ड्यात आपण ओतलेल्या, पट्ट्याच्या लोखंडी पुल्या होत्या. एकावर एक, नीट रचलेल्या, वर आपली ती साच्यांची काळी, जळकी वाळू. एकीचा गंज घासला तर मधल्या भोकाशेजारी तीन टिंबं. माझी खूण! साचा बंद करण्याआधी जो तो वाळूत खिळ्यानं आपली खूण टोचायचा आणि ती लोखंडात उमटायची, विसरलात का?

तुम्ही बाद केलेल्या पुल्या होत्या त्या.

पुली साखळीला टांगायची, हातोडीनं हलकेच ठोकायची आणि सगळ्यांनी गप्प राहायचं. खणखणीत वाजली तर पास, बद्द वाजली तर आत चीर. माल तपासणारे मिस्त्री तुम्ही; हे ऐकायला तुम्हीच शिकवलंत मला. "डोळं मीट, मंग आइक," म्हणायचात.

फाउंड्रीच्या शेवटच्या वर्षी तुम्ही माझ्या पुल्या एकामागून एक बाद करत गेलात. मला तर त्या चांगल्या वाजताना ऐकू यायच्या. एकदा तसं बोललोही. तुम्ही हातोडी माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "तुजं कान माज्यापरीस मोठं झालं व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. तुमच्या शब्दापुढे मी माझेच कान खोटे ठरवले, भाऊ.

मग मालकांनी सांगितलं, माल खराब निघतो, गिऱ्हाइकं तुटली. भट्टी गेली, शेड उतरली, जमीन विकली. मी साच्याचं काम सोडून लेथ शिकलो, स्वतःचं वर्कशॉप काढलं. बरं चाललंय. लोक विचारतात, ओतकामातले तुम्ही, फाउंड्री का नाही काढलीत? मी हसून सांगतो, माझ्या हाताला यश नाही. हे वाक्य माझ्या तोंडी कुणी घातलं?

परवा ती पुली टेम्पोच्या हुकाला टांगली आणि डोळे मिटून ठोकली. इतकी वर्षं मातीत, गंजाचा पापुद्रा धरलेली. तरी खणखणीत! दुसरीही. तिसरीही. ठेकेदार म्हणतो, "शेठ, भंगार हाय का देवळातली घंटा?"

बाद माल घणानं फोडून पुन्हा भट्टीत टाकायचा, ही आपली रीत. तुम्ही या फोडल्या नाहीत. चांगल्या पुलीवर घण घालायला तुमचा हात धजावला नसणार, एवढं ओळखतो मी तुम्हाला. मग आमच्यावर कसा धजावला? फाउंड्री बंद करायला मालकांना खराब मालाचं निमित्त हवं होतं; जमीन विकतानाही त्यांनी ती खोली मरेपर्यंत तुमच्याकडे राहू दिली. आम्ही म्हणायचो, प्रामाणिकपणाचं फळ!

माझं सोडा. सखूमावशीचं काय? कुरवंड्याहून चालत येऊन ती साच्यांची वाळू चाळायची. अजून भेटली की तेच, "माज्याच चाळणीतनं खडा ऱ्हायला आसंल रं. समद्यांच्या पोटावर पाय आला." तुमच्यासमोरही म्हणायची. तुम्ही मान खाली घालून चहा प्यायचात. मला वाटायचं, भाऊ हळवे आहेत.

एकदा तरी सांगायचं होतंत. चिडलो असतो, महिनाभर बोललो नसतो. पण आलो असतो परत.

वर्कशॉपमध्ये तुमचा फोटो आहे. हार काढायला हात गेला होता. नाही काढला.

उद्या ती पुली घेऊन कुरवंड्याला जातो. मावशीला आता दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. दारातल्या आंब्याला टांगून हातोडी तिच्याच हातात देईन. वाजली की ती विचारणारच, मग बाद केली कुणी? तेव्हा मी तुमचं नाव घेईन, भाऊ. तुम्ही पुरलेलं मी पुन्हा पुरणार नाही, हा माझा शब्द.

तुम्हीच ज्याचा कान तयार केलात तो,
दत्ता