पाहुणे दुसऱ्या रात्री का थांबत नाहीत

आई,

आपल्याकडे दोन रात्रींचे भाडे ठरवून येणारे पाहुणे पहिल्याच सकाळी निघून जातात आणि जाताना तुझ्या जेवणाची मनापासून स्तुती करतात.

"खोलीले नजर लागली," असे तू म्हणतेस. तरीही धनीरामकाकांना उतारा करायला बोलावू नकोस. पंखा, नळ, मच्छरदाणी मी पुन्हापुन्हा तपासली. दोष सापडला नाही. शेवटी आज सामान भरणाऱ्या नागपूरच्या ताईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "हॉटेल परवडत नाही म्हणून घरात उतरलो. पण तुमच्या आई सैपाकघरात खाली झोपून राहिल्या, अन् आम्ही त्यांच्या पलंगावर. कसं थांबावं?"

नवे पाहुणे आणायला मी वरठी स्टेशनवर जाते आहे. हेही उद्या गेले, तर मला पुण्याची नोकरी धरावी लागेल आणि तू इथे एकटी राहशील. म्हणून न विचारता बाबांची खोली उघडली, खाट झटकून अंथरूण घातले. आज तिथे झोप.

नजर कोणाची लागलेली नाही. बाबा वारल्यापासून ती खोली तू बंद ठेवलीस, म्हणून तू जमिनीवर झोपतेस, आणि म्हणून पाहुणे जातात.

उर्वशी