वहिनींची तब्येत

धायरी, पुणे
रविवार, १७ जानेवारी, सकाळी

प्रिय अहो,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

लग्न ठरल्यावर तुम्हाला दोन पत्रं लिहिली होती, त्यानंतर हे तिसरंच. पण आजची बातमी मोठी आहे. तुमची बायको मंत्री होतेय! आज चार वाजता, मुंबईत, राज्यपालांसमोर. राज्यमंत्री. मी हे लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं. बरोबरच लिहिलंय.

तुम्ही सिंहगड चढून दमून याल, म्हणून आधी घरातलं सांगते. पोहे झाकून ठेवलेत. चहा तेवढा तुमचा तुम्हाला करून घ्यावा लागेल. साखर वरच्या फळीवर उजवीकडे असते. गेली बावीस वर्षं तिथेच आहे. आणि तुमचा फोन शोधू नका. चार्जिंगला लावून गेला होतात, तो मी घेऊन जातेय. पक्षाच्या कार्यालयात आमदार राजनंदिनी म्हणून जो नंबर लिहिलाय तो तुमचाच आहे, तेव्हा आजचे सगळे निरोप त्यावरच येणार. म्हणून हा कागद.

अहो, घरात नुसता गोंधळ आहे! निळी पैठणी काढली तर तिच्या ब्लाउजचा हूक तुटलेला, मग मोरपंखी काढली. इस्त्री करताना पदर जळता जळता वाचला. कुणाला काही कळवलं नाही तरी मंडळाच्या पोरांना वास लागलाच. फाटकाशी गर्दी जमलीय आणि काल पिशवीत परत गेलेली फटाक्यांची माळ पुन्हा बाहेर आलीय. फ्लेक्स तर त्यांनी आधीच छापून ठेवले होते. त्यावर तुमचा फोटो हा एवढा आणि माझा कोपऱ्यात, आधार कार्डावरचा असावा तसा. असू दे. आज मला कशाचाच राग येत नाहीये. म्हणजे, फ्लेक्सचा तरी नाही.

आईंनी तर कहर केलाय. नऊवारी नेसून, दशम्या बांधून त्या कधीच्याच गाडीत जाऊन बसल्यात. संपतला म्हणाल्या, "गाडीचं त्वांड रस्त्याकडं हाय का? मग बरं. न्हाई तर फिरवून ठेव." मला खिडकीतून दोनदा हाक मारून झालीय.

मी हुरळून गेलेय असं समजू नका. माझ्या कर्तृत्वावर भाळून कुणी बोलावलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. खांदेपालटात आपल्या जिल्ह्यातल्या मंत्र्यांना वगळलं, आणि मंत्रिमंडळात बायका नाहीत म्हणून ओरड चालली होतीच. जिल्हाही राखायचा आणि बाईही घ्यायची, म्हणून माझं नाव निघालं. निघालं ना पण! आता खातं कुठलं ते रात्री कळेल. महिला आणि बालविकास देऊन मोकळे होतील असं सगळे धरून चाललेत. मी पाणीपुरवठा मागणार आहे. आपलं गाव महापालिकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात, आणि मला मतं त्यांनीच दिलीत. नाही मिळालं तर नाही, पण मागणार आहे. हे तुम्हाला न विचारता ठरवलं. आज बरंच काही तुम्हाला न विचारता ठरवलंय.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काल नाव नव्हतं, मग आज कुठून आलं? तुम्ही तसं विचारणार नाही. तिथपर्यंत यायचं मी मघापासून टाळतेय.

काल संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसले होते. तुमचा फोन वाजला, तुम्ही गच्चीवर गेलात. मी देवापाशी उगीच समई पुसत उभी होते. तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, "आपलं नाव नाही. पुढच्या विस्तारात बघू म्हणाले." पोरांना धीर दिलात, माझ्या पाठीवर हात ठेवलात. मी मोरीत जाऊन रडून आले. आणि रात्री तुम्ही पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलंत. अहो, दोन निवडणुका तुम्ही हरलात तेव्हा दोन्ही वेळा तुमच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आज तुम्ही गडावर गेल्यावर फोन वाजला. पक्ष कार्यालयातले हिंदुराव होते. माझा आवाज ऐकून दचकलेच. म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला उठलात? तब्येत कशी आहे आता?"

मी म्हटलं, "कुणाची?"

"तुमचीच की! साहेब काल म्हणाले, बीपी फार वाढलंय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. म्हणून तुमच्या मंत्रिपदाऐवजी त्यांनी स्वतःसाठी महामंडळाचं अध्यक्षपद विचारलं होतं. तर वहिनी, साहेबांना तेवढं सांगा, महामंडळाचं आत्ता जमत नाही. वरून निरोप आहे, बाईच हवी. तुम्हाला झेपत नसेल तर आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या ताईंना कळवतो. थांबायला वेळ नाही."

मी पलंगावर बसले. खिडकीतून फाटकाशी पडलेली फ्लेक्सची गुंडाळी दिसत होती. मग माझ्याच तोंडून शब्द आले, "हिंदुरावभाऊ, मी ठणठणीत आहे. किती वाजता यायचं?"

बाहेर आले तर आई दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, लेकाची बाजू घेतील. म्हणाल्या, "त्यो वर हाय तवर नीघ. त्यो आला की तुला समजावून सांगंल, आन् तू ऐकशील." आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

खरं आहे त्यांचं. म्हणूनच थांबत नाहीये. तुम्ही समोर बसून, माझा हात हातात घेऊन बोलायला लागलात की माझं काही चालत नाही.

राग आला, फार आला. तुम्हाला महामंडळ हवं होतं म्हणून नाही. दोनदा पडलेल्या माणसाच्या बायकोला तिसऱ्या खेपेला त्याच्याऐवजी तिकीट मिळतं आणि ती निवडून येते, हे गिळणं सोपं नसतं. प्रचारात तुम्ही माझ्यासाठी गळा बसेपर्यंत भाषणं केलीत आणि निकालाच्या दिवशी गुलालात नाचलात, ते काही खोटं नव्हतं. पण काल जिन्यावरून खाली येऊन, सगळ्यांना घालवून, तुम्ही मला नुसतं म्हणाला असतात ना, "राजू, हे मला सोसत नाही," तर मी हे मंत्रिपद सोडलं असतं. तुमच्यासाठी, हसत सोडलं असतं, आणि पुन्हा कधी बोलूनही दाखवलं नसतं. तुम्ही मागितलं नाहीत. मला आजारी पाडलंत. आता नाही सोडणार.

संपत हॉर्न देतोय. एक्स्प्रेस वेवर गर्दी व्हायच्या आत निघायला हवं.

दोन पास मिळणार आहेत. एक आईंचा. दुसरा तुमच्या नावाने प्रवेशद्वारावर ठेवायला सांगते. लहान गाडी घरीच आहे, किल्ली खुंटीला आहे, आणि नवीन शिवलेलं जाकीट कपाटात पुढेच टांगलंय. शपथ घेताना आधी माझं नाव येईल आणि त्याला लागून तुमचं. ते मी गाळणार नाही, हळूही म्हणणार नाही. ते समोर बसून ऐकायचं की घरात टीव्हीवर, तेवढं तुम्ही ठरवा. आलात तर कालच्या फोनबद्दल मी तिथे चकार शब्द काढणार नाही. घरी आल्यावर मात्र बोलायचंय, आणि तेव्हा मी ऐकून घेणार नाही, तुम्ही ऐकायचं.

तुमची वाट पाहणारी,
पण चार वाजेपर्यंतच,

राजनंदिनी