सर्वानुमते नव्हे

डनबार मिल्स, मेन
मार्च सरता सरता

प्रिय रॉयस,

तुझी टोपी माझ्याकडे आहे. सभेच्या दिवशी गावच्या ग्रेंज हॉलमधल्या खुंटीवर तू ती विसरून गेलास. बाकीच्यांचे कोट निघून गेले आणि ती एकटीच तिथे लटकत राहिली, म्हणून मी उचलून आणली. आता ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे माझ्या ऑरिनच्या टोपीशेजारी टांगलेली आहे. येता-जाता माझी नजर तिकडे जाते आणि दर वेळी क्षणभर वाटतं, दोघं आत बसलेत, कॉफी टाकायला हवी. एकदा तर मी भांड्यात पाणी जास्तीचं घातलंही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे, पण या घराला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

काल दुकानात डेल्फीन भेटली. पूर्वी तुझी बायको मला पाहिलं की पिठाच्या पिशव्यांआडूनही हाक मारायची. काल मात्र ती माझ्याकडे पाठ करून अंडी निवडत राहिली. मीच जवळ गेले, तशी हळू आवाजात म्हणाली, "सगळ्या गावादेखत त्याला तोंडघशी पाडलंस, विनी. ऑरिनचा सूड एवढ्या वर्षांनी उगवलास. बरं वाटलं ना आता?" मग म्हणाली की तुम्ही घर विकायला काढताय, रस्त्यांवरचा चिखल वाळला की मुलीकडे साउथ कॅरोलायनाला जाणार, आणि परत यायचा विचार नाही. मागे रांग होती. दुकानात उभं राहून सांगायची ही गोष्ट नव्हती, म्हणून मी सामान उचलून निघून आले. तू मनात असलं काही घेऊन इथून जावंस हे मला सहन होणार नाही, रॉयस, म्हणून सकाळपासून हे लिहीत बसलेय.

तुला आठवतं, पूर्वी आपल्या रिपब्लिकन पक्षाची वार्षिक सभा म्हटली की अर्धं गाव हॉलमध्ये असायचं? तू आणि ऑरिन आदल्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात खड्डा करून त्यात निखारे पेटवायचात आणि काकवी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसासकट बीन्सचा हंडा पुरून ठेवायचात. मग रात्रभर शेजारी खुर्च्या टाकून बसायचं निमित्त. राखण कशाची, तर बीन्सची. मी म्हणायची, "अरे, ते काय पळून जाणारेत?" आणि तू म्हणायचास, "डेमोक्रॅट लोकांचा काही भरवसा नाही, विनीबाई." गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी ते डेमोक्रॅटही जेवायला असायचे, आणि सर्वांत जास्त तेच वाढून घ्यायचे. ऑरिन राज्याच्या सिनेटमध्ये होता तेव्हा त्याने नदीत कारखान्याची घाण सोडू नये म्हणून मत दिलं, आपल्याच पक्षाच्या विरोधात. कारखान्याचे मालक खवळले. तरी पुढच्या वर्षी पक्षाच्या गावातल्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून पुन्हा त्याचंच नाव सुचवलं गेलं, आणि सुचवणारा तू होतास. "नदीचा वास आता जरा कमी येतो, एवढ्यासाठी तरी," असं म्हणाला होतास तू.

आणि आपली ती रीत. हरलेला माणूस उठायचा आणि म्हणायचा, निवड सर्वानुमते झाली असं लिहा. जिंकलेल्याच्या बाजूचं कोणीतरी अनुमोदन द्यायचं. मग जिंकलेला स्वतः ताट वाढून हरलेल्यापुढे नेऊन ठेवायचा आणि त्याच्याच शेजारी जेवायला बसायचा. एकाने जरी हरकत घेतली तरी तो ठराव पडतो, असा नियम होता. पण कधी कोणी घेतली नव्हती. आपल्या गावात अशी हरकत घेणं म्हणजे लग्नात उठून भांडण काढण्यासारखं.

मग कागदाचा कारखाना बंद पडला. तुझी तीस वर्षं त्यात गेली होती. एका सकाळी दाराला कुलूप. ऑरिनने राजधानीत खेटे घातले, पत्रं लिहिली, दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवलं, आणि त्यातून काही म्हणता काही निघालं नाही. त्या उन्हाळ्यात तू आमच्या पायरीवर बसून म्हणाला होतास, "तू सगळ्यांशी गोड बोलतोस रे ऑरिन, आणि सगळे तुझ्याशी गोड बोलतात. आमचं मात्र वाटोळं झालं." ते मी आत उभी राहून ऐकलं. मला राग आला, पण तू खोटं बोलत होतास असं मी तेव्हाही म्हटलं नाही. तुला भांडणारी माणसं हवी होती आणि ती तुला सापडली. सहा वर्षांपूर्वी तू अध्यक्षपदाला ऑरिनच्या विरोधात उभा राहिलास. तुझ्या बाजूच्या नव्या लोकांनी त्याला 'नावापुरता रिपब्लिकन' म्हटलं. ज्याच्या पणजोबाने त्या हॉलच्या तुळया चढवल्या, त्याला. तू स्वतः तो शब्द उच्चारला नाहीस. तू जमिनीकडे बघत होतास.

ऑरिन हरला आणि उठला. आवाज जराही न कापता म्हणाला, निवड सर्वानुमते झाली असं लिहा. अनुमोदन मिळालं. आणि मग तो वाट बघत उभा राहिला, तुझी, ताटाची. तुझ्याभोवती लोक पाठ थोपटत होते, कोणी फोटो काढत होतं. तू एकदा आमच्या दिशेने वळलास, हे मी पाहिलं. पण तू आला नाहीस. घरी येताना गाडीत मी ऑरिनवर भडकले. म्हटलं, "मी रॉयसला मत दिलं नव्हतं. तू माझं मत मला न विचारता परस्पर त्याला देऊन टाकलंस." तो म्हणाला, "रीत आहे ती, विनी." म्हटलं, "रीत तुझी असेल, मत माझं होतं." नवऱ्याशी माझी भांडणं पुष्कळ झाली, त्यातलं हेच एक अर्धवट राहिलं.

आता क्रिबेजच्या पत्त्यांचे गुण मांडायच्या त्या फळीचं सांगते. तुमचा शेवटचा डाव अर्धाच राहिला होता, त्या सभेच्या आधीच्या रविवारचा. ऑरिनने ती फळी खिडकीपाशी तशीच ठेवली, दोघांच्या काड्या आपापल्या भोकांत. मला हात लावू देत नसे. मी फुंकर मारून धूळ काढायची. रविवारी दुपारी तो त्या खुर्चीत जाऊन बसायचा आणि रस्त्यावर कुठली गाडी खडीवर वळली की मान वर करायचा. दर वेळी वेगळं कारण सांगायचा. टपाल आलं असेल, रस्त्यावरचा बर्फ काढणारा असेल. तुझ्या ट्रकचा तो दोनदा खोकणारा आवाज मला इतका पाठ झालाय की अजूनही ऐकू येतो. ऑरिनला जाऊन दोन हिवाळे झाले, तरी रविवारी तीनच्या सुमाराला येतो. मी खिडकीशी जाते. रस्ता रिकामा असतो.

एकदा मात्र तो आवाज खरा होता. गावात सगळे म्हणतात की रॉयस ऑरिनच्या अंत्ययात्रेला आला नाही. दफनभूमीच्या कुंपणापलीकडे, झाडांखाली, तुझा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. काचेवर आतून वाफ धरली होती. आम्ही सगळे निघेपर्यंत तू तिथेच होतास. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, डेल्फीनलाही नाही. तिला तू सांगितलंस की नाही, मला माहीत नाही.

माझी नात टेसा दर फोनला विचारते, "आजी, तू अजून त्यांच्यात कशाला जातेस? आमच्या बाजूला ये की." मी तिला सांगते, तिकडे मला कोणी ओळखत नाही आणि इकडे मी कोणाला ओळखत नाही, मग निदान वाट माहीत असलेल्या हॉलमध्ये जावं. ती हसते. मला हसू येत नाही. हॉलच्या भिंतीवरून त्यांनी जुन्या अध्यक्षांचे फोटो उतरवले, तेव्हा तू अध्यक्ष होतास. रंग द्यायचाय असं कारण दिलं होतं. रंग काही दिला गेला नाही. भिंत काळवंडलेली आणि फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मी दर सभेला ऑरिनच्या चौकोनाखाली बसते. त्या चौकोनांना चेहरे नाहीत, तरी ते बघतात असं वाटतं. या वेळीही मी बीन्सचा हंडा घेऊन गेले होते. त्या लोकांनी पिझ्झा मागवला होता. हंड्याचं झाकणही कोणी उघडलं नाही.

आणि मग या वेळी तुझ्या विरोधात अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या त्या स्टॅकपोलचं भाषण. तळ्याकाठी घर घेऊन त्याला पुरती चार वर्षंही झालेली नाहीत, आणि तो तुला पक्ष शिकवत होता. तुझा गुन्हा काय, तर निवडणुकीनंतर मतमोजणीत घोटाळा झाला असं म्हणायला तू नकार दिलास. मतं मोजणारी गावची कारकून इडा प्लमर हिच्यावर ते लोक भलतेसलते आरोप करत होते, आणि तू त्यांच्या तोंडावर म्हणालास, "इडाला मी पहिलीपासून ओळखतो. तिने स्वतःच्या भावाच्या विरोधातली मतंसुद्धा दोनदा मोजली होती. ती एक चिठ्ठी इकडची तिकडे करणार नाही." त्यावर स्टॅकपोल उठला आणि तुला म्हणाला, नावापुरता रिपब्लिकन. तोच शब्द. मी वर भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हा शब्द कधीतरी तुझ्या वाट्याला आला तर मला समाधान होईल. तसं काही झालं नाही.

चिठ्ठ्या मोजल्या. तुला तीन. बाकी सगळ्या त्याला. मग तू उठलास. टोपी हातात नव्हती, म्हणून बोटं कोटाच्या काठाशी चाळवत होतास. आणि ऑरिनच्याच शब्दांत म्हणालास, निवड सर्वानुमते झाली असं लिहा. कोणाला काही कळेना. मागून एक जण म्हणाला, "हे काय नवीन?" दुसरा हसला. स्टॅकपोल म्हणाला, "ठीक आहे आजोबा, झालं ना, बसा आता." तू बसला नाहीस. तू अनुमोदनाची वाट बघत उभा होतास, सहा वर्षांपूर्वी ऑरिन ताटाची वाट बघत उभा होता तसा, जमिनीच्या त्याच फळीवर, त्याच खांबापाशी. मला तुम्ही दोघं एकदम दिसत होतात. शेवटी कोणीतरी चेष्टेत अनुमोदन दिलं, आणि सभा चालवणाऱ्याने विचारलं, कोणाची हरकत? मी उठले आणि म्हणाले, माझी आहे. ठराव पडला. तू माझ्याकडे बघितलंस आणि टोपी न घेता बाहेर चालता झालास.

आता ऐक. त्या तीन चिठ्ठ्यांतली एक तुझी, एक डेल्फीनची. तिसरी माझी होती. इडाबद्दल तू जे बोललास ते ऐकून मी तुझं नाव लिहिलं, आणि लिहिताना माझा हात थांबला नाही. मागे एकदा माझं मत मला न विचारता तुला देण्यात आलं होतं. या वेळी ते मी स्वतः, राजीखुशीने तुला दिलं होतं, आणि तू उठून ते त्या माणसाला देऊन टाकत होतास. तेवढ्यासाठी हरकत घेतली, रॉयस. निदान इतिवृत्तात तरी राहू दे की त्या दिवशी सगळे त्याच्या बाजूचे नव्हते. आणि आणखी एक निरोप आहे. तो द्यायला मला दोन वर्षं लागली, कारण तू आधी यावंस असा माझा हट्ट होता. शेवटच्या आठवड्यात ऑरिनला फारसं बोलवत नव्हतं. एका दुपारी त्याने फळीकडे बोट केलं आणि म्हणाला, "पत्ते वाटायची पाळी रॉयसची आहे. आला की सांग त्याला." तुझ्या काड्या पुढे आहेत, मी पाहिलंय. मला तो खेळ धड येत नाही, पण ऑरिनचे पत्ते हातात धरून बसण्याइतका येतो. रविवारी मी बीन्स करीन आणि ताट वाढून तुझ्यापुढे मीच ठेवीन. टोपी न्यायला ये. रस्त्यावर खडीचा आवाज आला तर या वेळी मी खिडकीशी जाणार नाही, सरळ दार उघडीन.

अजूनही तुझीच मैत्रीण,
विनी लिब्बी