रॅपची घडी

२ मार्च, रविवार

हिला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात मेट्रनची पोस्ट देऊ केली आहे. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. इतकी वर्षं नर्स म्हणून राबली, आता सगळ्या नर्स हिच्या हाताखाली. मी ताबडतोब म्हणालो, जा. ती म्हणाली, बघते, पण तुमच्या जेवणाखाण्याचं काय?

म्हणजे अडचण मी आहे. नवऱ्याने बायकोच्या पायातली बेडी होऊ नये, या मताचा मी पहिल्यापासून आहे.

निश्चय: स्वयंपाक शिकणे. अंडी उकडणं वगैरे कोणीही करतं. मी थेट हाय-प्रोटीन स्टेक रॅप करणार, म्हणजे भाजलेलं मांस पोळीत गुंडाळून. व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस बोलता बोलता करून मोकळा होतो. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. पोट भरतं, स्नायू येतात आणि हातात धरून खायचं, म्हणून ताटही घासायला नको. एका रॅपमध्ये अख्ख्या संसाराचा प्रश्न सुटतो.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आधी कुकर लावायला शिका. कॉलेजात मोठ्यांचा उत्साह कसा टिकवावा हे शिकवत नाहीत.

३ मार्च

खाटकाकडे गेलो. कुठला भाग देऊ, म्हणाला. मी म्हणालो, प्रोटीनचा. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आदराने असावं.

ऑफिसात जाहीर केलं. शेजारच्या टेबलावरच्या बडबड्याने विचारलं, करणार कोण? मी नुसता हसलो.

५ मार्च

पहिला प्रयोग. व्हिडिओत मांस लिंबू-मसाल्यात अर्धा तास मुरवतात. अर्ध्या तासाने इतका फरक पडतो, तर दिवसभराने किती पडेल, असा सरळ हिशोब केला. सकाळीच मुरत घातलं. लिंबांच्या ऐवजी व्हिनेगरची बाटली ओतली. आंबट ते आंबट.

संध्याकाळी मांसाचा रंग जुन्या फरशीसारखा झालेला. तव्यावर टाकलं. धूर झाला. थोडाच. समोरच्या ब्लॉकमधल्या बाई बादली घेऊन आल्या, हा त्यांच्या स्वभावाचा भाग आहे.

स्टेक चवीला बरा. चावायला वेळ लागतो. बातम्या लागल्या तेव्हा पहिला घास घेतला, हवामान संपलं तरी तोच चालू होता. जबड्याला व्यायाम. हा फायदा व्हिडिओवाल्याने सांगितलेला नाही. लेक एक तुकडा तोंडात घालून बेसिनकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

ही ड्युटीवरून आली. तवा पाहिला. मग मला पाहिलं. काळजीत दिसली. मला बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.

९ मार्च, रविवार

आज फक्त गुंडाळण्याचा सराव. टॉर्टियाची, म्हणजे तयार मैद्याच्या पोळ्यांची, पाकिटं आणली. आत स्टेकचे तुकडे, राजमा, चीज, दह्याचा सॉस, उकडलेलं अंडंही घातलं, कारण प्रोटीनमध्ये काटकसर नको. दोन्ही बाजू आत, मग खालून वर, मग घट्ट गुंडाळी. सोपं आहे.

पहिला फाटला. दुसरा मिटेना. मी एक टोक दाबलं की दुसरं तोंड उघडायचं, आमच्या ऑफिसच्या युनियनसारखं. तिसरा मिटला, पण उचलल्यावर सॉस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. शेवटी सगळं बाऊलमध्ये घेऊन चमच्याने खाल्लं. ही म्हणाली, सूप छान दिसतंय.

मी हिला विचारलं, हॉस्पिटलला काय कळवलंस? म्हणाली, अजून वेळ आहे. या अवस्थेत मला टाकून जाणं तिला जड जातंय, हे उघड आहे. तिच्यावर कसलाही दबाव येऊ नये म्हणून मी मुद्दाम किचन ओट्यावरचा पसारा तसाच ठेवला.

१२ मार्च

रॅप डब्यात नेला. फॉइलमध्ये, रबरबँड लावून. बडबड्याने सगळ्यांना गोळा केलं. मी फॉइल सोडली. रॅपही सुटला. साहेब नेमके तेव्हाच सही मागायला आले आणि राजम्याचा एक दाणा त्यांच्या बुटावर पडला. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, हाय-प्रोटीन. ते बरं म्हणाले आणि गेले.

एकंदरीत चर्चा चांगली झाली.

१६ मार्च, रविवार

महत्त्वाचा दिवस. हिला आणि लेकीला रीतसर जेवायला बोलावलं. आमच्याच टेबलावर, पण बोलावलं. निर्णय तिला माझ्याकडे बघून घेता यावा.

तवा तापवला. स्टेक ठेवला, तेवढ्यात बडबड्याचा फोन. त्यालाही करून बघायचा होता. त्याला बाल्कनीतून मांस निवडण्यापासून समजावून सांगितलं. परत आलो तर लेकीच्या हातात चिमटा. स्टेक उलटून, उतरवून, झाकून, आडवा पातळ कापूनसुद्धा झाला होता. रॅपही तिनेच गुंडाळले. म्हणजे माझ्या देखरेखीखाली सगळं सुरळीत पार पडलं.

रॅप मऊ. कडेने किंचित कुरकुरीत. सॉस आतच. तिघंही मन लावून खात होतो. निम्मा खाऊन झाल्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, आता तू निर्धास्त जा. माझी काळजी करू नकोस.

ही हात पुसत म्हणाली, मी होकार कळवलाय. पत्र आलं त्याच दिवशी. चोवीसच्या सोमवारी रुजू व्हायचंय.

मग अजून वेळ आहे असं का म्हणालीस, विचारलं. ती म्हणाली, तुम्ही इतके रमला होतात, सांगायला जीव धजेना. आणि तुम्ही जा म्हणालात ना, अहो. ते मी खरं धरलं.

लेक टॉर्टियाचे तुकडे गोळा करत बसली.

मला आनंद झाला. फार आनंद झाला. एवढंच लिहिलं तरी पुरे आहे.

२४ मार्च, सोमवार

ही सकाळच्या गाडीने गेली. बॅग मीच उचलून दिली. जड होती. पांढरे बूट नवीन घेतलेत.

संध्याकाळी लेक मैत्रिणीकडे अभ्यासाला. घरात मी एकटा. योजनेप्रमाणे स्टेक रॅप. फ्रीझरमधून मांस काढलं, दगड झालं होतं. आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवावं लागतं, हे नंतर कळलं. मीठही सापडेना. हिला फोन केला. दुसऱ्यांदा उचलला. मागे घाईची पावलं, कसली तरी घंटा. म्हणाली, मीठ नेहमीच्याच ठिकाणी आहे.

नेहमीचं ठिकाण कोणतं, हे विचारणार होतो. तेवढ्यात तिकडून कोणीतरी हाक मारली, मेट्रन. ती हो म्हणाली. त्या आवाजात मी तिला कधी हो म्हणताना ऐकलेलं नाही. ठेवते हं, म्हणाली आणि ठेवला.

टॉर्टिया होता. आत काही न घालता गुंडाळला. घडी अगदी नीट बसली.