आबांची तांबडी खाण

प्रिय शेफाली,

तुझं खाणीवरचं पुस्तक मिळालं. सुरेख झालंय, एवढंच लिहून थांबणार होते, पण हात थांबेना. खरं सांगते, मला तुझा हेवा वाटतो. फोनवर हे बोलता आलं नसतं.

भोरच्या शाळेत आपण एका बाकावर होतो, तेव्हाही तू आमच्या पासलीच्या डोंगरातल्या या खाणीबद्दल विचारायचीस आणि मला काही सांगता यायचं नाही. आबांना विचारलं की ते म्हणायचे, "पोरींचं काय काम तिथं? गोठ्यातलं बघ जा." आणि गेल्या उन्हाळ्यात तू प्राध्यापक होऊन आलीस, तर हाच माणूस काठी टेकत तुझ्यापुढं डोंगर चढला. लोखंडी दगड कसा फोडायचे, कोळशाच्या भट्टीत भाजून त्यातून लोखंड कसं काढायचे, सगळं तुला सांगितलं. पुढं सरकारनं रानातली लाकूडतोड बंद केली, बाजारात विलायती लोखंड स्वस्त झालं आणि भट्ट्या विझल्या, तेही सांगितलं. माझी पणजी तान्हं मूल पाठीशी बांधून दगडाच्या पाट्या वाहायची. तिचं नाव सगुणाबाई होतं, हे मला, तिच्या पणतीला, तुझ्या पुस्तकातून कळावं?

तू डोंगर बघून गेलीस त्या दिवशी जेवण वाढताना मी आबांना विचारलंच, "मला का न्हाई कधी सांगितलं?" तर म्हणाले, "तुला काय सांगायचं? तू घरचीच."

भातकापणीपासून त्यांचं विसरणं लई वाढलंय. पुण्याला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. परवा हट्टानं मला खाणीवर घेऊन गेले. कडेला पोचल्यावर माझा हात घट्ट धरला नि म्हणाले, "शेफाली, जपून. हितला दगड निसटतो."

मी नाव सुधारलं नाही. नुसतं "व्हय" म्हणाले. मग ते तिथंच बसून बोलत राहिले. सगुणाबाई चढणीला ओव्या म्हणायची, तिच्या मागं बाकीच्या बायका सूर धरायच्या, असं कितीतरी. माझा बाप जन्मात पहिल्यांदा माझ्याशी इतकं बोलला, आणि तेही तुझ्याशी.

आता घरातही मी शेफालीच आहे. काल मला विचारलं, "आमची माया कुठं गेली गं? लई दिवस दिसली न्हाई." त्यासाठी हे पत्र. रविवारी ये. तू समोर बसलीस, तर कदाचित ते मला माझ्या नावानं हाक मारतील.

तरीही तुझीच,
माया