सातवी ब च्या मागची भिंत

१२ सप्टेंबर, रविवार दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. फोन करत नाही, कारण तू लगेच स्पीकर लावतेस आणि तुझा नवरा मधेच तोंड घालतो. पत्र तरी एकटी वाचशील.

माझी दाढ काढली. काढताना डॉक्टर फोनवर कुणाशी तरी पडद्यांच्या रंगावरून वाद घालत होता. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात पुन्हा थुंकायला सुरुवात केलीय. सध्या मला सगळ्याचीच शिसारी येते, तेव्हा सगळा दोष त्यांचाच असेल असं नाही.

शाळेत खडक आणि मातीचा धडा चाललाय. ऊन, पाऊस, मुळं यांनी खडक जागच्या जागी फुटतो, ते विदारण. तो चुरा पाणी नाहीतर वारा उचलून नेतो, ती धूप. एका पठ्ठ्याने लिहिलं, “जमिनीची धूप झाली की छान वास सुटतो.” अर्धा गुण दिला, हसवल्याबद्दल.

नुसतं बोलून डोक्यात शिरत नाही, म्हणून सोमवारी दोन ट्रे कलते ठेवले. दोन्हींत शाळेमागच्या टेकडीची माती, एकात गवतासकट, दुसऱ्यात उघडी. झारीने पाणी घातलं. गवताखालून नितळ पाणी आलं, उघड्या ट्रेतून नुसता चिखल. मुळं माती धरून ठेवतात, इतकं सोपं आहे गं. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि घालवायला बुलडोझरला एक दुपार पुरते.

मग तुझी लेक भिंगरी उठली. “मावशी, उघड्या ट्रेला भिंत लावली तर?” वर्गात बाई म्हणायचं असतं हे तिला काही केल्या पटत नाही. लावला पुठ्ठा. पाणी मागे तुंबलं, मातीचा रेंदा झाला, पुठ्ठा पोटासारखा फुगला आणि धपकन आडवा झाला. पोरं हसली. एक मुलगी मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाई, आपली पण फुगलीय.”

आपली म्हणजे तुझ्या नवऱ्याने गेल्या वर्षी बांधलेली. गाड्या लावायला टेकडी उभी कापली, गवत खरवडलं आणि सातवी ब च्या खिडक्यांपासून चार हातांवर भिंत उभी केली. आतलं पाणी बाहेर पडायला तिला एक भोक नाही. तळातून तपकिरी, घाण वासाचं पाणी झिरपतं आणि पोरं त्यातून डबे घेऊन जातात.

मुख्याध्यापकांना नेऊन दाखवलं. ते पेनच्या टोपणाने कान कोरत म्हणाले, “ओल आहे खरी. रंग देऊन टाकू.” आणि दिला की! पेंटरने झाडं काढली, खाली मोठ्या अक्षरांत “माती वाचवा”. दोन दिवसांत ओलीने “मा” गळून पडला. आता नुसतं “ती वाचवा” उरलंय आणि पोरं विचारतात, ती कोण?

गुरुवारी तुझा नवरा शिक्षकांच्या खोलीत आला, अत्तरात बुडून. “ताई, भिंगरीला धुळीचा त्रास होतो. तिला अ तुकडीत टाका.” अ तुकडी पुढच्या इमारतीत भरते. मी म्हटलं, चला, वर्ग तरी बघा. दारापर्यंत आला, आत पाऊल टाकेना. मी विचारलं, भिंतीला भोकं का नाही ठेवली? तर हसून म्हणतो, “ताई, तुम्ही पुस्तकातलं शिकवा, बांधकाम आमच्यावर सोडा.” तोंडाने हसत होता, नजर मात्र भिंतीवरून हलत नव्हती. शुक्रवारी भिंगरी अ तुकडीत गेली. मी उरलेल्यांची बाकं व्हरांड्यात काढली, मुख्याध्यापकांनी ती शिपायाकरवी परत आत नेली.

इथवर वाचून तुला वाटेल, ताई नवऱ्याची चुगली करतेय. त्याच्याबद्दल मला नवीन काहीच कळलेलं नाही. खरं लिहायचंय ते वेगळंच, आणि ते टाळायला मी दाढेपासून सुरुवात केली.

काल भिंगरी शाळेच्या जिन्यात रडत बसली होती. मैत्रिणी म्हणतात, तू पळालीस. ती म्हणाली, “मावशी, मी नव्हते मागितलं. मी घरी पुठ्ठ्याचं सांगितलं, तर आईच बाबांना म्हणाली, आधी आपल्या पोरीला तिथून हलवा.”

आधी. बरं, मग? मग काय करायचं ठरवलं होतंस? तुझी मुलगी हलली आणि तुझी वाचाच बसली? तिच्या बाकावरची ती लांब केसांची, वाढदिवसाला जिच्या वेण्या तू हौसेने घातल्यास, ती अजून खिडकीशीच बसते. तिच्या आईला एक फोन करावासा वाटला नाही? मला तुझी किळस आली, धाकटे. लिहिलं एकदाचं. तुझ्या नवऱ्याची मला सवय झालीय. तुझी कशी करून घेऊ?

उद्या वर्ग पटांगणात भरेल. मुख्याध्यापक नोटीस देणार असतील तर देऊ देत. माझ्या तक्रारीवरून सकाळी दहाला सरकारी अभियंता भिंत बघायला येतोय. रंग बघून तो परत जाईल, मी ओळखून आहे. म्हणून मी सांगणार आहे की बांधणाऱ्यालाच या भिंतीचा भरवसा नाही, त्याने स्वतःची मुलगी तिथून काढली. कशावरून, असं तो विचारेल; तुझा नवरा तर धुळीचंच कारण पुढे करेल. भिंगरीचं नाव मी घेणार नाही. लेकराला बापासमोर उभं करायचं नाही मला. ते तू येऊन सांगायचंस, नवऱ्याला न विचारता. नाही आलीस तर तुझं नाव मी घेईन आणि त्यानंतर तुझ्या घरी पाऊल ठेवणार नाही.

हे पत्र मीच तुझ्या दारात टाकून जाईन. बेल वाजवणार नाही.

“तुझी ताई” लिहायला आज हात वळत नाही.

वर्गशिक्षिका, सातवी ब